लाईट गेल्यावर सीएनसी मशीन स्वतःची जागा का विसरतं? ‘होम पोझिशन’ची भानगड काय आहे?

डोंगरकडा हे हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं गाव. समजा, इथल्या एखाद्या पोराने ऑनलाइन मागवून छोटं सीएनसी मशीन घेतलं आणि घरांच्या नावाच्या पाट्या कोरायला सुरुवात केली. सागाची फळी, मधोमध घराचं नाव, कडेने वेलबुट्टी. चार तासांचं काम. तीन तास झालेत, नाव कोरून झालंय, वेलबुट्टीचा शेवटचा कोपरा राहिलाय आणि लाईट गेली.

अर्ध्या तासाने लाईट येते. पंखा फिरायला लागतो, मशीनही चालू होतं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर आकडे दिसतात: एक्स शून्य, वाय शून्य, झेड शून्य. पण कोरणारी बिट तर फळीच्या पार दुसऱ्या टोकाला उभी असते. म्हणजे मशीन सांगतंय ते साफ खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मशीनला माहीतही नाही. आता कोणी तसंच ‘स्टार्ट’ दाबलं, तर राहिलेली वेलबुट्टी नेमकी नावावरून फिरणार. साग गेला, तीन तास गेले आणि बिट कुठे पट्टीवर आपटली तर तीही गेली.

हे सगळं टाळायची सोय मशीनमध्ये असते. तिचं नाव ‘होम पोझिशन’. छंद म्हणून मशीन घेणारे बहुतेक जण हीच गोष्ट सगळ्यात शेवटी शिकतात, आणि तीही एखादी फळी वाया गेल्यावर.

मशीन विसरतं म्हणजे नेमकं काय होतं?

या छोट्या मशीनला बाजारात ‘तीस-अठरा’ म्हणतात, कारण ते साधारण ३० सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटर जागेत काम करतं. त्यात तीन दिशांना सरकवणाऱ्या तीन मोटारी असतात. डावं-उजवं म्हणजे एक्स, पुढे-मागे म्हणजे वाय आणि वर-खाली म्हणजे झेड.

या मोटारी पंख्याच्या मोटारीसारख्या भरभर फिरत नाहीत, पावलं टाकतात. म्हणून त्यांना स्टेपर मोटर म्हणतात. एका फेऱ्यात २०० पावलं. मोटारीला जोडलेला आट्यांचा रॉड एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकवत असेल, तर एक पाऊल म्हणजे ०.०२ मिलिमीटर. कंट्रोलर त्या प्रत्येक पावलाचे आणखी १६ बारीक तुकडे करतो. म्हणजे एक मिलिमीटर जायला ८०० इशारे.

आता खरी गोम इथे आहे. कंट्रोलर फक्त इशारे देतो आणि मोजतो. मोटर खरंच सरकली का, हे तो बघत नाही, त्याला तसा डोळाच नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस दारापासून पावलं मोजत विहिरीपर्यंत जातो, तसा हा कारभार. मोजणी बरोबर आहे तोवर तो बिनचूक पोचतो. मध्येच कोणी त्याला उचलून दुसरीकडे ठेवलं किंवा तो आकडा विसरला, की त्याला विहीरही सापडत नाही आणि दारही.

वीज गेली की कंट्रोलरची मोजणी पुसली जाते. चालू झाल्यावर तो जिथे उभा आहे त्याच जागेला शून्य म्हणतो. लाकडात गाठ लागली आणि बिट अडकली, तरी हेच होतं. मोटर जागेवर गुरगुरते, पावलं चुकतात, पण कंट्रोलरच्या वहीत ती ‘टाकली’ म्हणून लिहिलेली असतात.

चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यांतल्या मोठ्या मशीनची गोष्ट वेगळी. तिथे सर्व्हो मोटारी असतात, त्यांना एनकोडर जोडलेला असतो आणि तो मोटर खरंच किती फिरली ते सतत कळवत राहतो. अनेक मशीनमध्ये तर एनकोडरला छोटी बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी जागा लक्षात राहते. ती बॅटरी मेली की मात्र लाखो रुपयांच्या त्या मशीनलाही आपली जागा पहिल्यापासून शोधून द्यावी लागते.

मग ‘होम’ करतं काय?

मशीनच्या प्रत्येक दिशेच्या एका टोकाला एक छोटा स्विच बसवतात. त्याला लिमिट स्विच म्हणतात. ‘होम’ची आज्ञा दिली की मशीन त्या टोकाकडे सरकत जातं आणि स्विच दाबला गेला की थांबतं. स्विचची जागा पक्की असते, लोखंडाला स्क्रूने घट्ट बसवलेली. त्यामुळे मशीनला आता खात्रीने म्हणता येतं की आपण अमुक जागी आहोत.

हे रोज डोळ्यासमोर घडत असतं, फक्त त्याला नाव नसतं. झेरॉक्सच्या दुकानातला इंकजेट प्रिंटर चालू केला की त्यातलं शाईचं डोकं एकदा खर्र करून कडेला जाऊन येतं, ते काय असतं? होमिंगच. शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असेल, तर छपाई सुरू व्हायच्या आधी तो कोपऱ्यात जाऊन ‘टक’ असा आवाज करतो. तेही तेच.

छोट्या मशीनमध्ये बहुतेक वेळा ‘जीआरबीएल’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर कंट्रोलरवर बसवलेलं असतं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ते २००९ मध्ये लिहायला घेतलं. आर्डुइनोसारख्या स्वस्त बोर्डवर ते चालतं म्हणून जगभर पसरलं, आणि आज तीस-अठरा मशीनच्या बोर्डवर सहसा तेच सापडतं. त्यात होमची आज्ञा दोन अक्षरी आहे: $एच. (इथे देवनागरीत लिहिलेल्या सगळ्या आज्ञा मशीनला देताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या.)

ही आज्ञा दिल्यावर मशीन सगळ्यात आधी झेड वर उचलतं, मगच एक्स आणि वाय सरकवतं. क्रम मुद्दाम असा ठेवलाय. लाईट गेली तेव्हा बिट लाकडात रुतलेली असते. आधी आडवं सरकलं तर फळीवर सरळ चर पडणार किंवा बिटचा तुकडा पडणार. आधी वर गेलं की खाली फळी, क्लॅम्प, स्क्रू काहीही असो, अडचण नाही.

बघणाऱ्याला आणखी एक गोष्ट खटकते. मशीन जोरात जाऊन स्विच दाबतं, थोडं मागे येतं आणि पुन्हा अगदी गोगलगायीच्या वेगाने जाऊन तोच स्विच दाबतं. दोनदा कशाला? साधा हिशेब आहे. पहिल्या खेपेचा वेग साधारण मिनिटाला ५०० मिलिमीटर ठेवलेला असतो, म्हणजे सेकंदाला आठ मिलिमीटरहून थोडा जास्त. समजा स्विच दाबल्याचं कळायला सेकंदाचा शंभरावा भाग लागला, तर तेवढ्यात मशीन ०.०८ मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. दुसऱ्या खेपेला वेग मिनिटाला २५ मिलिमीटर. तेवढ्याच वेळात चूक होते ०.००४ मिलिमीटर, जी लाकडात कोणाच्या बापाला दिसणार नाही. पहिली खेप स्विच शोधायला, दुसरी मोजायला.

शेवटी मशीन स्विचपासून साधारण एक मिलिमीटर मागे सरकून उभं राहतं. स्विच दाबलेल्या अवस्थेत राहू नये म्हणून ही सोय आहे.

होम वेगळं, शून्य वेगळं

इथे नव्या माणसांचा सगळ्यात मोठा घोळ होतो. होम केलं म्हणजे मशीन कामाला तयार झालं असं वाटतं. तसं नाही. होमिंगमुळे मशीनला स्वतःची जागा कळते, फळी कुठे ठेवलीय ते कळत नाही.

शेताच्या मोजणीचं उदाहरण घेतलं तर लवकर कळेल. भूमी अभिलेखचा मोजणीदार येतो तेव्हा तो कोणाच्याही बांधापासून मोजायला सुरुवात करत नाही. आधी नकाशावर असलेली आणि जमिनीवर जागेवर असलेली एखादी पक्की खूण शोधतो, आणि तिथून या गटाची हद्द किती अंतरावर ते काढतो. बांध सरकतो, खूण सरकत नाही. होम म्हणजे ती पक्की खूण. आणि फळीचा कोपरा म्हणजे आज मोजायचा तो गट. नागपूरच्या झिरो माइलजवळही असाच एक दगड आहे. १९०७ साली सर्वेक्षण खात्याने तिथे उंची मोजण्यासाठीचा पक्का टप्पा ठरवला, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरलेली आहे. दुसऱ्या एखाद्या जागेची उंची काढायची तर अशा दगडापासून मोजत जायचं. दगडाला त्या जागेचं देणंघेणं नसतं, तो फक्त हलत नाही.

मशीनच्या भाषेत फळीच्या कोपऱ्याला ‘वर्क झिरो’ म्हणतात. समजा होम उजवीकडे मागच्या कोपऱ्यात आहे आणि फळीचा डावा पुढचा कोपरा तिथून एक्समध्ये २६० आणि वायमध्ये १५० मिलिमीटरवर आहे. जीआरबीएलमध्ये होम सहसा उजव्या-मागच्या-वरच्या टोकाला धरतात, त्यामुळे मशीनचे सगळे आकडे वजाबाकीत येतात: उणे २६०, उणे १५०. स्क्रीनवर उणे आकडे बघून पुष्कळ जण घाबरतात आणि काहीतरी बिघडलं म्हणून सेटिंग उलटसुलट करत बसतात. बिघडलेलं काही नसतं. होम डाव्या-पुढच्या कोपऱ्यात घेतलं तरीही जीआरबीएल उणे आकडेच दाखवतं. तीनशे मिलिमीटरच्या मशीनवर होम झाल्यावर एक्स उणे २९९ दिसला तर ते बरोबर आहे, एक मिलिमीटर मागे सरकल्याचा तो हिशेब.

फळीच्या कोपऱ्याचे हे आकडे कंट्रोलर ‘जी ५४’ नावाच्या खणात लिहून ठेवतो, आणि हा खण वीज गेली तरी पुसला जात नाही. म्हणजे लाईट गेल्यावर मशीन ‘फळी कुठे आहे’ हे विसरलेलं नसतं, ‘मी कुठे आहे’ हे विसरलेलं असतं. एकदा होम केलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि पहिल्याचं उत्तर खणात आहेच. राहिलेली वेलबुट्टी जिथे थांबली तिथूनच पुढे जाऊ शकते.

पण यासाठी दोन अटी आहेत. पहिली, फळी ठेवून शून्य धरायच्या आधीही होम केलेलं पाहिजे. नंतर होम करून उपयोग नाही, कारण खणातले आकडे कुठल्या खुणेपासून मोजले तेच ठरलेलं नसतं. दुसरी, शून्य खरंच जी ५४ मध्ये गेलेलं पाहिजे. काही सॉफ्टवेअरमधलं ‘झिरो’ बटण ‘जी ९२’ नावाची तात्पुरती आज्ञा वापरतं. काम चालू असताना दोन्हींत फरक दिसत नाही. वीज गेली की जी ९२ चे आकडे मात्र हवेत विरतात. खात्री करायची असेल तर ‘$#’ ही आज्ञा द्यावी, सगळे खण स्क्रीनवर उघडतात. जी ५४ पुढे तीनही शून्यंच दिसत असतील तर शून्य दुसरीकडेच कुठेतरी लिहिलं गेलंय.

स्विचच नसतील तर?

तीस-अठराच्या स्वस्त आवृत्त्यांमध्ये लिमिट स्विच येतच नाहीत. बोर्डवर त्यांची जागा असते, पिना असतात, पण स्विच नसतात. मग होमची आज्ञा दिली की मशीन ‘ही सोय बंद आहे’ असं कळवतं. आणि सोय जबरदस्तीने चालू केली तर ते नसलेला स्विच शोधत जाऊन कडेला धडकतं आणि घर्र घर्र करत तिथेच रेटत राहतं.

अशा मशीनवर हाताने होम करता येतं. गाडा सावकाश कोपऱ्यात नेऊन टेकवायचा, तिथे मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. चालू होताना कंट्रोलर त्या जागेलाच शून्य म्हणणार, म्हणजे कोपरा हेच होम झालं. यात चूक राहते, कारण दर वेळी हात सारखा लागत नाही आणि मोटारीला वीज मिळताना ती एखाद-दोन पावलं इकडे-तिकडे सरकू शकते. नावाच्या पाटीला हे चालून जातं. सर्किटची पाटी कोरायची असेल तर नाही.

त्यापेक्षा तीन स्विच बसवलेले बरे. छोटे मायक्रोस्विच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतात, डोंगरकड्याहून नांदेडचा बाजार काही लांब नाही. अवघड भाग वायरिंगचा आणि तपासणीचा आहे.

स्विचमध्ये तीन पिना असतात. एका जोडीत दाबल्यावर वीज जाते, दुसऱ्या जोडीत दाबल्यावर तुटते. सोपी म्हणून बहुतेक जण पहिली जोडी वापरतात. दुसरी जास्त शहाणपणाची. कारण वायर उंदराने कुरतडली किंवा डाग सुटला, तर पहिल्या पद्धतीत मशीनला काहीच कळत नाही, ते स्विचवर जाऊन आपटतं. दुसऱ्या पद्धतीत वायर तुटणं म्हणजेच स्विच दाबणं, त्यामुळे मशीन लगेच ओरडतं. ही पद्धत वापरली तर $५ हे सेटिंग उलटं करावं लागतं.

मग पहिली चाचणी मशीन न हलवता करायची. स्क्रीनवर ‘?’ टाइप केलं की मशीन आपली अवस्था सांगतं. बोटाने एक्सचा स्विच दाबून धरायचा आणि ‘?’ द्यायचं. उत्तरात एक्सचं अक्षर दिसलं पाहिजे, सोडल्यावर गेलं पाहिजे. तसंच वाय, तसंच झेड. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळून थेट होम करायला गेलेली मशीनं वाकलेले रॉड घेऊन बसतात.

त्यानंतर $२२=१ करून होमिंग चालू करायचं आणि एक हात बंद करायच्या बटणावर ठेवून $एच द्यायचं. मशीन उलट्या दिशेला पळालं तर लगेच बंद करायचं आणि $२३ बदलायचं. त्यात एक्ससाठी १, वायसाठी २ आणि झेडसाठी ४ धरून बेरीज टाकतात. फक्त एक्स आणि वाय उलटे करायचे असतील तर ३.

अलार्म ९ आला तर मशीनला स्विच सापडलाच नाही. अलार्म ८ आला तर स्विच सापडला, पण मागे सरकूनही तो सुटला नाही. तेव्हा $२७ मधलं मागे सरकायचं अंतर एकावरून दोन-तीन मिलिमीटर करून बघावं.

होमिंग एकदा चालू केलं की मशीन दर वेळी चालू करताना कुलूपबंद असतं, होम केल्याशिवाय काम करत नाही. $एक्स देऊन कुलूप उघडता येतं. घाईत सगळे तेच करतात आणि मग ही सगळी मेहनत वाया जाते, कारण $एक्सने कुलूप उघडतं, जागा कळत नाही.

होमिंगचा एक फायदा फुकटात मिळतो. $१३०, $१३१ आणि $१३२ मध्ये मशीनची खरी लांबी, रुंदी आणि उंची पट्टीने मोजून भरली आणि $२०=१ केलं, की मशीन स्वतःच्या हद्दीबाहेर जायला नकार देतं. डिझाइन चुकून मोठं झालं तरी कडेला आपटत नाही.

‘काही नसताना’ अलार्म का येतो?

स्विच बसवून झाल्यावर दुसरी तक्रार ठरलेली. कोरणारी मोटर सुरू झाली की मशीन मध्येच थांबतं आणि ‘लिमिट’ म्हणून अलार्म देतं. स्विचला कोणी हातही लावलेला नसतो.

कोरणाऱ्या मोटारीतून विजेचा कचरा बाहेर पडतो. स्विचच्या लांब वायरी त्याच मोटारीच्या वायरीला बांधून नेलेल्या असतील, तर त्या अँटेनासारखं काम करतात आणि कंट्रोलरला स्विच दाबल्याचा भास होतो. खुंटीला सगळ्या वायरी एकत्र बांधून केलेलं नीटनेटकं काम इथे अंगाशी येतं. स्विचच्या वायरी वेगळ्या वाटेने न्याव्यात, जाळी असलेली केबल वापरावी आणि घरातलं अर्थिंग खरंच चालतंय का ते वायरमनकडून एकदा बघून घ्यावं. लाकडाचा भुसाही स्विचच्या पत्तीखाली साचतो, तो ब्रशने काढत राहावा लागतो.

‘जी २८’च्या नादी लागण्याआधी

इंटरनेटवरच्या व्हिडिओंमध्ये बऱ्याचदा ‘होमला जायला जी २८ द्या’ असं सांगतात. थ्रीडी प्रिंटरवर ते बरोबर आहे, तिथे जी २८ म्हणजेच होमिंग. जीआरबीएलच्या मशीनवर जी २८ स्विच शोधत नाही. आधी लिहून ठेवलेल्या एका जागेकडे ते सरळ पळतं, तेही पूर्ण वेगात आणि तिरक्या रेषेत. मधे क्लॅम्प आला तर क्लॅम्पला. जागा लिहिलेलीच नसेल तर ते मशीनच्या शून्याकडे, म्हणजे थेट स्विचवर जातं. आणि मशीन होम केलेलं नसेल तर कुठे जाईल ते त्यालाच ठाऊक.

लाईट गेली त्या क्षणी काय करायचं?

इथे एक सापळा आहे, जो बहुतेकांना माहीत नसतो. मशीनच्या मोटारींना वीज भिंतीवरच्या अडॅप्टरमधून येते, पण कंट्रोलर यूएसबीच्या वायरीने लॅपटॉपला जोडलेला असतो आणि लॅपटॉपला बॅटरी असते. लाईट गेली की मोटारी मरतात, पण कंट्रोलर जिवंत राहतो. तो इशारे देत राहतो, पावलं मोजत राहतो. स्क्रीनवर बिट पुढे चाललेली दिसते आणि टेबलावर ती जागची हललेली नसते. पाच मिनिटांनी लाईट परत आली, तर मोटारी एकदम जाग्या होतात आणि तिथून पुढचं काम भलत्याच जागी कोरायला लागतात. अर्ध्या तासाने विसरलेलं मशीन निदान गप्प उभं तरी असतं. हे मशीन चुकीच्या जागी पूर्ण आत्मविश्वासाने चालतं.

म्हणून लाईट गेली की पहिलं काम लॅपटॉपवर ‘स्टॉप’ करायचं आणि मशीनचा स्विच बंद करायचा. लाईट येण्याची वाट बघत बसायचं नाही. सॉफ्टवेअर कितव्या ओळीवर होतं ते लिहून घ्यावं, पण त्यावर विश्वास ठेवू नये, कारण सॉफ्टवेअर नेहमी बिटच्या बऱ्याच ओळी पुढे असतं. खरा पुरावा लाकडावर असतो. कोरीव काम जिथे संपलंय ती जागा डोळ्याने बघायची आणि फाइलमध्ये तिच्या थोडी आधीची, बिट वर उचललेली असेल अशी ओळ शोधायची.

फळी मात्र हलवायची नाही. क्लॅम्प सैल करून ‘जरा बघू’ म्हणून फळी उचलली, की होम कितीही अचूक असलं तरी उपयोग शून्य.

लाईट आली की होम करायचं, मग बिट फळीच्या शून्य कोपऱ्यावर, दोन-चार मिलिमीटर वर आणून बघायची. जागेवर आली तर पुढे. फाइलच्या सुरुवातीच्या ओळी, म्हणजे मिलिमीटरमध्ये मोजायचं, अंतर कुठून धरायचं, वेग किती हे सांगणाऱ्या ओळी पुन्हा द्याव्या लागतात, कारण मध्यातून सुरू केल्यावर मशीनला त्या ठाऊक नसतात. कोरणारी मोटर पूर्ण वेगात आल्यावरच बिट खाली गेली पाहिजे. थांबलेली बिट लाकडात टोचली तर ती मोडते.

मराठी मुलखात हे शिकलं कुठे जातं?

खेड्यातल्या पोरांच्या हाती असली मशीनं द्यायची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये शास्त्रज्ञ होते, नोकरी सोडून ते दुष्काळी पाबळला राहायला गेले. हाताने काम करत शिकायचं, हे तिथलं सूत्र. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ची कल्पना मांडली, तेव्हा एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या जगातल्या सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२ मध्ये याच पाबळमध्ये उभी राहिली. छोटं मिलिंग मशीन हा फॅब लॅबच्या ठरलेल्या सामानाचा भाग आहे. बोस्टनमधला विद्यार्थी जे मशीन वापरतो, त्याच प्रकारचं मशीन पाबळचा विद्यार्थी वापरू शकावा, असा त्यामागचा विचार.

आणि हिंगोली जिल्ह्याचं म्हणाल, तर मोजमापाच्या बाबतीत जगातलं सगळ्यात टोकाचं काम इथेच व्हायचंय. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांतल्या आरशांचं प्रोटॉनच्या जाडीहूनही कितीतरी बारीक हलणं मोजायचं. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या लायगोलाही हा त्रास आहेच. लांब कुठे भूकंप झाला की आरसे जागेवरून ढळतात, आणि ते परत ठरलेल्या जागी आणून ‘लॉक’ केल्याशिवाय मोजमाप सुरू करता येत नाही.

डोंगरकड्याच्या पाटीकडे परत यायचं तर, एक गोष्ट होमलाही कळत नाही. बिटची लांबी. कोरताना बिट बदलली की नवी बिट चकमध्ये किती आत गेली ते मशीनला माहीत नसतं, त्यामुळे एक्स आणि वाय जसेच्या तसे राहतात, पण झेडचं शून्य पुन्हा धरावं लागतं. त्यासाठी साधा वहीचा कागद पुरतो. फळीवर कागद ठेवून बिट हळूहळू खाली आणायची, कागद सरकवताना किंचित अडला की थांबायचं. कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, तेवढी वजा धरायची.

आणि लाईटवरच उपाय करायचा असेल, तर तीस-अठराचा अडॅप्टर साधारण १२० वॉटचा असतो, घरातल्या इन्व्हर्टरवर मशीन सहज चालतं. फक्त लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या झटक्यात कंट्रोलर रिसेट होतो का किंवा मोटारी पावलं चुकतात का, हे आधी रिकाम्या मशीनवर, मेन स्विच पाडून एकदा बघून घ्यावं लागतं.